लाल झाडापासून काळ्या रेषेपर्यंत: पीट मॉन्ड्रिआनची चित्रं कशी पाहायची

पांढऱ्यावर काळ्या आडव्या-उभ्या रेषा, त्यांच्या चौकटींत कुठे लाल, कुठे निळा, कुठे पिवळा. चित्रकाराचं नाव माहीत नसलं तरी हे चित्र तुमच्या डोळ्यांखालून गेलेलं असणार. कपांवर, पिशव्यांवर, मोबाइलच्या कव्हरवर ते असतं. १९६५ साली इव्ह सँ लोराँ या फॅशनकाराने पॅरिसमध्ये याच चौकटींचे झगे काढले आणि चित्र न पाहिलेल्या लोकांपर्यंतही ते पोचलं. त्यावरची पहिली प्रतिक्रियाही बहुतेकांची एकच असते: पट्टी आणि तीन रंग दिले तर हे एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेलं पोरही काढेल.

ही प्रतिक्रिया मला चुकीची वाटते, पण ती प्रामाणिक आहे. समोर दिसतं ते खरोखरच थोडं आहे. मात्र इतक्या थोड्यावर येण्यासाठी पीट मॉन्ड्रिआन या माणसाला पंचवीस-तीस वर्षं लागली. या काळात त्याने चित्रातून एकेक गोष्ट काढून टाकली. काय काढलं, कधी काढलं आणि का काढलं, हे कळलं की उरलेल्या चार रेषा बोलायला लागतात. म्हणून आपण चौकटींपासून नको, झाडापासून सुरुवात करू.

मॉन्ड्रिआनचा जन्म ७ मार्च १८७२ चा, नेदरलँड्समधल्या आमर्सफोर्ट गावचा. वडील प्रोटेस्टंट शाळेचे मुख्याध्यापक, धर्माने कडक आणि हाताने चित्रकार. काका फ्रिट्स निसर्गचित्रं काढायचे. घरात रंगपेटी होतीच, पण चित्रकलेवर पोट भरेल यावर वडिलांचा विश्वास नव्हता. त्यामुळे पोराने आधी चित्रकला शिक्षकाची प्रमाणपत्रं मिळवली, पहिलं १८८९ मध्ये आणि दुसरं १८९२ मध्ये, आणि मगच तो ॲमस्टरडॅमच्या सरकारी कला अकादमीत दाखल झाला. पुढे शिकवण्या केल्या, संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला केल्या, लायडनच्या एका प्राध्यापकासाठी जिवाणूंची रेखाटनंसुद्धा काढली.

पस्तिशी उलटेपर्यंत तो पवनचक्क्या, नदीकाठची शेतघरं आणि पाण्यात उतरलेली झाडांची प्रतिबिंबं रंगवत होता. चित्रं चांगली होती, पण त्या काळात नेदरलँड्समध्ये अशी चित्रं काढणारे ढीगभर होते. तरीही आज ती पाहताना एक गोष्ट लक्षात येते. क्षितिजाची आडवी रेघ आणि झाडांचे उभे बुंधे त्याला फार आवडायचे. ॲमस्टरडॅमजवळच्या खाइन नदीच्या चित्रांत झाड आणि त्याचं प्रतिबिंब मिळून एक उभी जाळी होते आणि पाण्याची कड तिला आडवी कापते. पुढचं सगळं तिथे बीजरूपाने आहे असं म्हणणं सोपं आहे आणि मला तो मोह होतो, पण खरं सांगायचं तर तिथून दहा वाटा फुटू शकल्या असत्या.

वाट बदलली ती १९०८ मध्ये. त्या वर्षी तो झेलँड या डच प्रांताच्या किनाऱ्यावरच्या डोम्बुर्ग गावी गेला. तिथल्या उजेडात आणि यान टोरोप या ज्येष्ठ चित्रकाराच्या सहवासात त्याच्या पॅलेटवरचे मातकट रंग गेले. तिथल्या एका सफरचंदाच्या झाडावरून त्याने १९०८ ते १९१० या काळात ‘संध्याकाळ: लाल झाड’ हे चित्र केलं. आभाळ निळं, जमीनही जवळजवळ निळी आणि मध्ये वाकडंतिकडं, पानं नसलेलं, पेटल्यासारखं लाल झाड. खोड आणि फांद्या अजून जागच्या जागी आहेत, पण रंगाने निसर्गाची साथ सोडली आहे. काढून टाकलेली पहिली गोष्ट ही: वस्तूचा खरा रंग.

याच सुमारास त्याच्या आयुष्यात थिऑसॉफी ही अध्यात्माची चळवळ आली. १९०९ मध्ये तो थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या या सोसायटीचे संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, आधी गिरगावात राहिले, आणि ‘द थिऑसॉफिस्ट’ हे त्यांचं मासिकही त्याच वर्षी मुंबईतूनच सुरू झालं. १८८२ च्या अखेरीस मुक्काम मद्रासजवळ अड्यारला हलला. दिसणाऱ्या जगाच्या आड एक एकसंध तत्त्व आहे आणि माणूस पायरीपायरीने तिथवर पोचतो, हा या मंडळींचा गाभ्याचा विचार. आपल्याला तो ओळखीचा वाटतो, कारण त्याचं बरंचसं भांडवल इथल्याच तत्त्वज्ञानातून नेलेलं होतं. मॉन्ड्रिआनने तो अगदी मनापासून घेतला. १९१०-११ मध्ये ‘उत्क्रांती’ नावाचं तीन भागांचं चित्र काढून त्याने हा प्रवास तीन स्त्रीदेहांतून सरळसरळ मांडला. माझ्या मते ते त्याचं सर्वांत कमकुवत महत्त्वाचं चित्र आहे. विचार जसाच्या तसा चितारला की चित्र भाषण होतं, हे त्यालाही कळलं असावं, कारण त्या वाटेने तो परत गेला नाही. विचार मात्र त्याने सोडला नाही. त्याचं चित्र न काढता तो चित्राच्या घडणीत कसा आणायचा, हा प्रश्न त्याच्याबरोबर राहिला.

उत्तराची पहिली खूण त्याला १९११ च्या शरद ऋतूत मिळाली. ॲमस्टरडॅमच्या एका प्रदर्शनात पिकासो आणि ब्राक यांची क्युबिस्ट चित्रं लागली होती. क्युबिझम म्हणजे वस्तू एकाच जागेवरून न बघता अनेक बाजूंनी बघून तिच्या ठिकऱ्या एकाच सपाट पृष्ठावर मांडणं. मॉन्ड्रिआन तेव्हा चाळिशीला आला होता. या वयात लोक आपली शैली सांभाळतात. त्याने ठरलेलं लग्न मोडलं, घर सोडलं आणि १९१२ च्या आरंभी तो पॅरिसला जाऊन राहिला. आडनावाच्या डच स्पेलिंगमध्ये शेवटी लागोपाठ दोन ‘ए’ होते, त्यातला एक त्याने काढून टाकला.

आता पुन्हा झाडाकडे. १९११ चं ‘करडं झाड’ आणि १९१२ चं ‘बहरलेलं सफरचंदाचं झाड’ ही दोन चित्रं लाल झाडाशेजारी ठेवून पाहा. इंटरनेटवर तिन्ही सहज सापडतात. लाल चित्रात झाड पुढे आहे आणि आभाळ मागे. करड्या चित्रात फांद्यांमधल्या रिकाम्या जागाही फांद्यांइतक्याच जाड रंगाने भरल्या आहेत, त्या पुढे सरकू लागल्या आहेत. तिसऱ्या चित्रात बहर नाहीच, फक्त कमानदार रेषा आणि त्यांच्यामधले करडे-हिरवट तुकडे आहेत. फांदी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही.

थोडं थांबायचं ते इथे, कारण अमूर्त चित्रकलेतली सगळ्यात अवघड वाटणारी गोष्ट इथे उघड दिसते. कोणतंही नेहमीचं चित्र दोन थरांत असतं. एक विषय असतो आणि एक त्याची पार्श्वभूमी. विषय मानाचा, पार्श्वभूमी त्याच्यासाठी अंथरलेली. मॉन्ड्रिआनने हा मानपान मोडला. झाडाला जेवढा अधिकार तेवढाच झाडामागच्या पोकळीला. एकदा दोघं बरोबरीला आले की समोर ‘झाड’ उरत नाही, रेषा आणि जागा यांचं नातं उरतं. पुढच्या चौकटींच्या चित्रांत पांढरा रंग हा ‘मोकळा सोडलेला कागद’ का नाही, याचं उत्तर या झाडात आहे.

पॅरिसमध्ये त्याच्या स्टुडिओच्या आसपास जुन्या इमारती पाडल्या जात होत्या. मुंबईत चाळ पाडल्यावर शेजारच्या उभ्या भिंतीवर गेलेल्या खोल्यांचे रंग उरतात, एका माळ्यावर निळा, वर गुलाबी, मध्ये जिन्याची खूण. तशा भिंती त्याने वहीत टिपल्या आणि १९१३-१४ च्या चित्रांत वापरल्या. रेषा सरळ होत गेल्या, वळणं विरळ झाली. कमान गेली.

१९१४ च्या उन्हाळ्यात आजारी वडिलांना भेटायला तो मायदेशी गेला आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. परतीची वाट बंद झाली, ती पाच वर्षं. या अडकण्यात त्याने समुद्र घेतला. डोम्बुर्गचा लाकडी धक्का, लाटांचं चमचमणं आणि वरचं आभाळ यांची त्याने कोळशाने चित्रं केली आणि १९१५ मध्ये त्यांतून एक काळं-पांढरं तैलचित्र निघालं. लंबगोलात विखुरलेल्या शेकडो छोट्या आडव्या-उभ्या रेघा, काही एकमेकींना छेदून अधिकचं चिन्ह झालेल्या, काही सुट्या. लाट आडवी, धक्का उभा, एवढंच त्याने ठेवलं. थोडा वेळ पाहत राहिलं तर पाणी हलल्यासारखं वाटतं. त्याच्या सगळ्या चित्रांत मला हे सर्वांत जवळचं वाटतं. समुद्र अजून आहे, आणि नाहीही.

याच वर्षांत त्याला सोबती भेटले. तेओ फान डूसबुर्ख हा बडबड्या, धडपड्या संपादक-चित्रकार त्यांत मुख्य. ऑक्टोबर १९१७ मध्ये त्याने ‘डे स्टाइल’ हे मासिक सुरू केलं. त्या नावाचा अर्थ नुसता ‘शैली’. चित्रकार, वास्तुविशारद आणि फर्निचर करणारे या नावाखाली जमले. मॉन्ड्रिआनने आपल्या विचाराला ‘निओ-प्लास्टिसिझम’ म्हटलं. शब्द जड आहे, पण नियम साधे आहेत: रेषा फक्त आडवी किंवा उभी, रंग फक्त लाल, निळा, पिवळा, आणि त्यांच्या जोडीला काळा, पांढरा, करडा.

हेच का? त्याच्या मते निसर्गातल्या प्रत्येक आकारामागे दोन विरुद्ध ओढी असतात. एक पसरण्याची, एक उभं राहण्याची. काटकोन हे त्या दोन ओढींचं सगळ्यात स्वच्छ भेटणं. वळण आलं की ते कशाची तरी आठवण करून देतं, टेकडीची, खांद्याची, पानाची. आठवण आली की गोष्ट आली, आणि गोष्ट आली की नातं बघायचं राहून जातं. मूळ रंगांचंही तसंच. हिरवा दाखवा, डोळा लगेच गवत म्हणेल. लाल, निळा, पिवळा हे दुसऱ्या रंगांच्या मिश्रणातून तयार होत नाहीत असं चित्रकलेत मानलं जायचं, म्हणून ते त्याला पायाचे वाटले.

नियम इतके थोडे, मग प्रत्येक चित्र सारखं का होत नाही? तर समतोल साधायचा, पण सारखेपणा टाळायचा, ही अट त्याने स्वतःला घातली होती. बागेतला सी-सॉ आठवा. दोन सारख्या वजनाची मुलं दोन टोकांना बसली की समतोल होतो, पण त्यात पाहण्यासारखं काही नसतं. एक धष्टपुष्ट मूल मधल्या टेकूजवळ आणि एक किरकोळ मूल पार टोकाला बसवलं तरी फळी आडवी राहते, आणि ती तशी राहिलेली पाहून डोळा थबकतो. मॉन्ड्रिआनचं प्रत्येक चित्र हा दुसऱ्या प्रकारचा सी-सॉ आहे.

झुरिकच्या कुन्स्टहाउस या संग्रहालयात असलेलं १९३० चं ‘लाल, निळा आणि पिवळा यांची रचना’ घ्या. चित्र जेमतेम दीड फुटाचं, चौरस. उजवीकडे वर प्रचंड मोठा लाल चौकोन, त्याने जवळजवळ सगळी जागा खाल्लेली. खाली डावीकडे छोटा निळा. खाली उजव्या कोपऱ्यात पिवळ्याची चिंधी. हिशेबाने हे चित्र उजवीकडे कलंडायला हवं. ते कलंडत नाही. निळा गडद आहे, म्हणून लहान असून जड पडतो. डावीकडे पांढऱ्या पट्ट्यात एक आखूड आडवी रेषा आहे, ती बाकीच्या रेषांपेक्षा जाड आहे. तिच्यावर बोट ठेवून ती झाका आणि चित्र पुन्हा पाहा. लाल चौकोन एकदम अंगावर येतो. ती रेषा तिथे का आहे, ते बोट ठेवल्यावर कळतं.

छपाईत आणि पडद्यावर आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे हात. या चित्रांतला पांढरा एकसारखा नसतो. एका चौकोनात ब्रशचे फटकारे आडवे, शेजारच्यात उभे, त्यामुळे उजेड पडला की दोन पांढरे वेगळे दिसतात. १९२१-२२ च्या काही चित्रांत काळी रेषा कॅनव्हासच्या कडेच्या अलीकडेच थांबते. तो थर चढवायचा, खरवडायचा, रेषा केसभर सरकवायची म्हणून पुन्हा रंगवायचा. अशा दुरुस्त्यांच्या खुणा आजही काही रेषांत दिसतात. जागा ठरायची ती डोळ्याने, गणिताच्या सूत्राने नाही. एक-एक चित्र महिनोन्महिने चालायचं.

स्वतः करून पाहिल्याशिवाय हे पटत नाही. एक पांढरा चौकोनी कागद घ्या, काळ्या कागदाच्या चार पट्ट्या आणि रंगीत कागदाचे दोन तुकडे कापा, आणि ते न चिकटवता सरकवत राहा. पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी छान जमल्यासारखं वाटेल. अर्ध्या तासाने त्यातली एक पट्टी चुकली आहे हे जाणवेल आणि ती हलवली की बाकीच्या तीनही चुकतील. त्या क्षणी तुम्ही जे करत असाल तेच तो रोज करत होता.

युद्धानंतर १९१९ मध्ये तो पॅरिसला परतला. १९२१ पासून १९३६ पर्यंत माँपार्नास स्टेशनजवळच्या र्‍यू द्यू देपार या रस्त्यावर २६ नंबरच्या इमारतीत त्याचा स्टुडिओ होता. भिंती पांढऱ्या, त्यांवर रंगीत पुठ्ठ्याचे चौकोन, तेही तो सरकवत राहायचा. दाराजवळ फुलदाणीत एक कृत्रिम ट्युलिप होतं, त्याचं पान त्याने पांढरं रंगवून टाकलं होतं. पैशाची मात्र सतत ओढाताण होती. चौकटींची चित्रं विकत घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून ज्या फुलांना त्याने चित्रातून हद्दपार केलं होतं, त्याच फुलांची जलरंगातली चित्रं तो पोटासाठी करून विकत राहिला. जुनी चित्रं घेणाऱ्यांत सालोमन स्लाइपर हा डच मित्र मोठा होता. त्याने जमवलेला संग्रह पुढे हेगच्या संग्रहालयाला मिळाला, आणि मॉन्ड्रिआनचा जगातला सर्वांत मोठा संग्रह आज तिथेच आहे. झाडांपासून चौकटींपर्यंतची सलग वाट चालून पाहायची असेल तर जागा तीच.

हा माणूस संन्याशासारखा राहायचा खरा, पण त्याला नाचायची हौस होती. जॅझच्या तबकड्या होत्या, चार्ल्सटन नाच तो शिकला होता. त्याच्या चित्रांकडे नुसती शिस्त म्हणून पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. १९३० मध्ये अलेक्झांडर कॉल्डर हा तरुण अमेरिकन शिल्पकार स्टुडिओत आला आणि भिंतीवरचे रंगीत चौकोन पाहून म्हणाला, हे हलते केले तर मजा येईल. मॉन्ड्रिआनने गंभीरपणे सांगितलं की गरज नाही, माझी चित्रं आधीच खूप वेगवान आहेत. कॉल्डर पुढे हलत्या शिल्पांसाठी जगभर प्रसिद्ध झाला.

फान डूसबुर्खशी मैत्री १९२० च्या दशकाच्या मध्यात तुटली. त्याने चित्रात तिरपी रेषा आणली होती. तिरपी रेषा घसरते, समतोलाची जबाबदारी झटकते, असं मॉन्ड्रिआनचं म्हणणं. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. पण ज्याच्याकडे दोनच दिशा आहेत, त्याला तिसरी दिशा ही तडजोडच वाटणार. मॉन्ड्रिआनला कॅनव्हास तिरपा चालायचा, त्याची शंकरपाळ्यासारखी कोपऱ्यावर उभी केलेली बरीच चित्रं आहेत. आतल्या रेषा मात्र सरळच.

१९३७ मध्ये नाझींनी ‘अधःपतित कला’ म्हणून जे प्रदर्शन भरवलं, त्यात त्याचीही चित्रं टांगली होती. युद्धाची चाहूल लागताच सप्टेंबर १९३८ मध्ये तो लंडनला गेला. तिथे बेन निकल्सन आणि बार्बरा हेपवर्थ या ब्रिटिश कलाकारांच्या शेजारी दोन वर्षं राहिला. १९४० मध्ये घराजवळ बॉम्ब पडला आणि त्याने अटलांटिक ओलांडला. ३ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये उतरला तेव्हा वय ६८. हॅरी हॉल्ट्झमन या तरुण मित्राने राहण्याची सोय केली आणि बूगी-वूगी ऐकवलं. डाव्या हाताची पियानोची धून एकसारखी धावते आणि उजवा हात तिच्यावर तुटक ठेके टाकतो, असं ते संगीत. म्हातारा हरखून गेला.

मग अडुसष्टाव्या वर्षानंतर त्याने काय केलं, तर आयुष्यभर जपलेली काळी रेषाच काढून टाकली. १९४२-४३ च्या ‘ब्रॉडवे बूगी वूगी’मध्ये पिवळ्या पट्ट्या आहेत, त्यांवर लाल, निळे, करडे छोटे चौकोन टपटप पडलेले. शहराचे रस्ते, गाड्या, दिवे आणि पियानोचे ठेके, यांतलं नेमकं काय आहे हे ठरवायची गरज पडत नाही. चित्र १२७ सेंटिमीटर चौरस आहे आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. याच काळात पेगी गुगनहाइम यांच्या गॅलरीत एका अनोळखी तरुणाचं रंगांचं जंजाळ असलेलं चित्र निवडीसाठी आलं होतं. त्या चित्रासमोर मॉन्ड्रिआन बराच वेळ उभा राहिला आणि यात काहीतरी महत्त्वाचं घडतंय म्हणाला, असं तिथे हजर असलेल्यांनी सांगून ठेवलं आहे. तो तरुण म्हणजे जॅक्सन पोलॉक.

न्यूयॉर्कमध्ये त्याच्या हाती रंगीत चिकटपट्टीही आली. पट्टी लावा, पाहा, उचला, दुसरीकडे लावा. खरवडण्याचे श्रम वाचले. अशाच पट्ट्यांचं १९४१ चं ‘न्यूयॉर्क सिटी १’ जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात आहे. ते अनेक दशकं उलटं टांगलेलं आहे असं तिथल्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये जाहीर केलं. तरीही ते सुलटं केलं गेलं नाही. पट्ट्या इतक्या सुकल्या आहेत की फिरवलं तर गळून पडतील.

शेवटचं चित्र ‘व्हिक्टरी बूगी वूगी’. युद्ध संपेल या आशेने नाव दिलेलं, कोपऱ्यावर उभा असलेला मोठा चौरस. जानेवारी १९४४ मध्ये पाहणाऱ्यांना ते जवळजवळ पूर्ण वाटलं होतं. त्यानंतर त्याने रंगवलेल्या भागावर पुन्हा चिकटपट्टीचे आणि कागदाचे तुकडे लावायला घेतले. काही दिवसांत न्यूमोनिया झाला आणि १ फेब्रुवारीला तो गेला. १९९८ मध्ये नेदरलँड्सने हे अपुरं चित्र ८ कोटी गिल्डर मोजून घेतलं, तेव्हा तिथे मोठा गदारोळ झाला होता. आज ते हेगमध्ये, त्या लाल झाडाच्याच संग्रहालयात आहे.

हॉल्ट्झमनने त्याचा स्टुडिओ काही आठवडे लोकांना पाहायला उघडा ठेवला. भिंतींवर लाल, निळे, पिवळे पुठ्ठे त्याने ठेवले होते तिथेच होते. ते काढण्याआधी हॉल्ट्झमनने प्रत्येकाची जागा काळजीपूर्वक आखून घेतली.